डबल बेल

भांडुपच्या टेंभीपाड्याच्या चढावर पहाटेचं धुकं अजून पत्र्यांवर पाय पसरून बसलं होतं. ऑक्टोबरात मुंबईत असं धुकं क्वचित उतरतं, आणि उतरलंच तर जंगलाच्या काठाला चिकटलेल्या अशा वस्त्यांवरच उतरतं. दशरथ धुरीला ते दिसत नव्हतं. मनगटावरच्या केसांना गार लागत होतं, त्यावरून त्याला कळलं.

"ह्या काय गो, सायकल की रेल्वे?" प्रेमा म्हणाली. दाराशी उभ्या केलेल्या त्या लांबलचक सायकलीवरून ती ओला हात फिरवत होती. दोन सीटा, दोन हँडलं, पुढचं वळणारं, मागचं नुसतं धरायला.

"जोडसायकल आहे आई. गार्गीची," मानसी म्हणाली. गार्गी ही तिची मुलुंडची मैत्रीण. मुलगा लहान असताना ती त्याला मागे बसवून फिरायची. मुलगा मोठा झाला आणि सायकल इमारतीच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडली. ती मानसीनं मागून आणली होती, बापासाठी.

दशरथनं उभी हयात बेस्टची बस चालवली होती. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, साऱ्या उपनगरांचे खड्डे त्याला नावानिशी ठाऊक. निवृत्तीनंतर काचबिंदूनं आधी रस्त्याच्या कडा खाल्ल्या, मग रस्ताच खाल्ला. आता उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. दोन वर्षं झाली, तो दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होता. आणलेली पांढरी काठी कपाटामागे, पिशवीतून बाहेरसुद्धा काढलेली नव्हती. कोणी चल म्हटलं की एकच शब्द, नको.

आणि मानसीचं भलतंच. अंधेरीतल्या ऑफिसातून सुटी मिळाली की ही सायकल घेऊन नाशिक, गोवा, कुठे कुठे जायची. यंदा मार्गशीर्षात कुडाळजवळच्या त्यांच्या गावी रवळनाथाची जत्रा, तिथं बाबांना सायकलनं न्यायचं असं तिनं मनाशी घेतलं होतं. मुक्काम करत करत, समुद्राच्या कडेनं. दशरथ आधी हसला, मग चिडला, आणि मग एका संध्याकाळी दोघांचा सौदा ठरला.

"एक दिवस द्या मला," ती म्हणाली होती. "जंगलाला एक फेरा. इथून मुलुंड, ठाणे, घोडबंदर, मग बोरिवली, गोरेगाव, पवई, आणि परत घर. फेरा पुरा झाला तर जत्रेला सायकलनं. नाही झाला तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"नुसतं तेवढं नाही. मग मला या खुर्चीवर बसू द्यायचं. कायमचं. काठी घ्या, बाहेर पडा, चार माणसांत या, कुणी काही बोलायचं नाही."

मानसी हो म्हणाली. दशरथनं मनात म्हटलं, बरं झालं. एक दिवस ढुंगण दुखेल, अर्ध्या वाटेत परत येऊ, आणि सुटू एकदाचे. खरं सांगायचं तर तो हरायलाच निघाला होता.

"नारळ आणलाय," प्रेमा म्हणाली. "गाऱ्हाणं घाला, मग जावा."

पूर्वी अख्ख्या वाडीचं गाऱ्हाणं दशरथच घालायचा. कुणाची नवी रिक्षा, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाची दहावी. नारळ हातात धरून देवाला हाक मारायची, मागणं मागायचं, आणि जमलेल्यांनी दर मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणून दुजोरा द्यायचा. त्याचा आवाज खालच्या रस्त्यापर्यंत जाई. डोळे गेले तसा तो आवाजही गेला. ज्यानं उजेड नेला त्याच्याशी काय बोलायचं?

"आल्यावर बघू," तो म्हणाला.

प्रेमानं नारळ पदराखाली घेतला. पण तिला आणखी एक टोचत होतंच. "आणि गो मानसी, जंगल तुमच्या डाव्या अंगाक ऱ्हवतला. रान म्हणजे देवच, आणि देवाक कोण डावीकडे ठेवून फिरता? उलटो फेरो होतलो तो."

"आई, आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. जंगल डावीकडे ठेवलं की कुठेच ट्रॅफिक ओलांडावं लागत नाही."

"देवाक ट्रॅफिक सांगतंस तू?"

पण बोलता बोलताच तिनं भाकरी आणि सुकटीच्या चटणीची पिशवी मागच्या सीटखाली लटकवली, नवऱ्याच्या डोक्यावरच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला, आणि निवडणं-टिपणं करताना तिला सुचायची तशी एक ओवी तिथल्या तिथे जुळवून म्हटली,

"माझ्या दारातून गेली दोन चाकांची गं वाट,
पुढे लेक, मागे बाप, मधे साखळीची गाठ."

"झालं तुझं? उशीर होतोय," दशरथ म्हणाला. पण ओवी कानात राहिली.

*

साखळीची ती गाठ काय चीज आहे ते मुलुंड येईपर्यंत दोघांनाही कळून चुकलं.

जोडसायकलची पुढची आणि मागची पॅडलं एकाच साखळीत बांधलेली असतात. एकानं फिरवली की दुसऱ्याची फिरतात, एकानं अडवली की दुसऱ्याची अडतात. आणि दशरथचा उजवा पाय काही पाय नव्हता, तो ड्रायव्हरचा पाय होता. समोरून हॉर्न वाजला की तो खाली दाबला जायचा. रिक्षा घासून गेली, दाब. कुत्रं भुंकलं, दाब. कुठे लोखंडी शटर धाडकन वर गेलं, दाब. बसमध्ये त्या जागी ब्रेक असे. इथं प्रत्येक दाबाला मानसीचे पाय जागच्या जागी आखडत, सायकल गचकन अडखळे आणि मागची रिक्षा शिव्या घाली.

"बाबा, पाय सैल!"

"सैलच आहे."

"मग मी काय भुताबरोबर चालवतेय?"

चेकनाक्याच्या अलीकडे ट्रकनं जोरात हवा सोडली. दशरथनं सारा जोर लावून ब्रेक मारला. सायकल उभ्या उभ्या कलली आणि दोघंही फुटपाथच्या कडेच्या मातीवर आडवे झाले. लागलं कुणालाच नाही, पण चहाच्या टपरीवरचे लोक धावले, कुणी पाणी दिलं, कुणी मानसीला म्हणालं, "मॅडम, अंकलना दिसत नाही तर कशाला आणता?"

"मी पण तेच म्हणतो," दशरथ कपडे झटकत म्हणाला. "चला. झाला फेरा."

मानसीनं सायकल उभी केली, साखळी चढवली. हात पुसताना तिचा श्वास जड येत होता. रडत होती की नुसती दमली होती, त्याला कळेना. चेहरा बघून जे क्षणात कळतं ते कानांना किती वेळ शोधत बसावं लागतं!

"बाबा," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही आज ड्रायव्हर नाही."

"मग कोण आहे? सिलेंडर? पाठीमागे बांधून न्यायला?"

बोलता बोलता त्याचा हात मागच्या हँडलवर चाचपडला आणि अंगठ्याखाली काहीतरी आलं. टण. जुन्या पद्धतीची पितळी घंटी. गार्गीच्या मुलाला मागे बसून कंटाळा येऊ नये म्हणून कधीतरी लावलेली.

टण, पुन्हा वाजवली त्यानं. आणि त्याला खंडू आठवला.

खंडू त्याचा कंडक्टर. कितीतरी वर्षं एकाच गाडीवरची जोडी. दोरी ओढून घंटी द्यायचा, एक टण म्हणजे थांब, दोन टण म्हणजे चल. दोन टण मिळाल्याशिवाय दशरथनं कधी गाडी हलवली नाही, मग मागून कितीही हॉर्न वाजोत. सुरुवातीला, नवा असताना, तो आरशात सारखा मागे बघायचा, कोण चढलं, कोण उतरलं. खंडूनं एकदा डेपोत त्याला सुनावलं होतं, "दशा, मागं बघायचं असेल तर तिकिटं फाड, मी स्टेअरिंगवर बसतो. तुझं पुढं. मागचं माझं."

"मानसी," तो म्हणाला, "मागचं कोण बघतं तुझं?"

"म्हणजे?"

"मागून काय येतं ते. तुला कळतं?"

"वारा कानात असला की नाही कळत. मान वळवायला लागते. आणि मान वळवली की तुमची ही म्हैस हलते."

"मागचं मी बघतो," दशरथ म्हणाला, आणि 'बघतो' या शब्दापाशी स्वतःच जरा थबकला. "एक घंटी, थांब किंवा सांभाळ. दोन घंट्या, चल. मी डबल दिल्याशिवाय तू पाय हलवायचा नाहीस. आणि तुझ्या पुढ्यात काय आहे त्यात मी पाय घालणार नाही."

"नक्की?"

"खंडूची शपथ."

टपरीवाल्यांना वाटलं हे दोघं आता रिक्षा करतील. त्याऐवजी म्हातारा मागच्या सीटवर बसला, कान मागे लावले, एक टेम्पो जाऊ दिला, आणि अंगठा दोनदा दाबला.

टण टण.

*

ठाणं मागे पडलं तेव्हा धुकं विरलं होतं आणि ऊन अंगावर आलं होतं. घोडबंदरच्या रस्त्याला लागेपर्यंत ते चटके देऊ लागलं. डोक्यावरून मेट्रोच्या कामाची धूळ, बाजूला कंटेनरची रांग. पण दशरथ आता कामावर होता. मागच्या प्रत्येक आवाजाचं त्याला काहीतरी करायचं होतं. "टँकर. रिकामा आहे, खडखडतोय. जाऊ दे त्याला." "बाईक, दोन. शहाणे दिसतात." "हा बसवाला. हॉर्न नाही देत, चांगला माणूस." त्याचा पाय कधी सैल झाला ते त्यालाही कळलं नाही. मांड्या गरगर फिरत राहिल्या, आणि त्या फिरण्याला एक ठेका आला, जात्यावर बसलेल्या दोन बायकांच्या हातांना येतो तसा. खुंटा एक, हात दोन, आणि कोण ओढतंय नि कोण सोडतंय याचा हिशोब कुणीच मागत नाही.

गायमुखच्या घाटाच्या बऱ्याच आधी त्यानं नाक वर केलं.

"खाडी आली! वास बघ. इथं खाली कोळ्यांच्या होड्या असतात."

"बाबा, खाडी अजून लांब आहे," मानसी हसायला लागली. "आईच्या सुकटीची पिशवी फुटलीय. तुमच्या खाली लोंबकळतेय."

"काहीतरीच!" त्यानं खाली हात घातला. बोटांना तेल आणि लसूण लागला. मग तोही हसला, मोठ्यानं, हेल्मेट हलेपर्यंत. एवढं हसू त्याच्या पोटात कुठून आलं कोण जाणे.

त्यांनी झाडाखाली बसून ती फुटलेली चटणी भाकरीबरोबर खाल्ली. मग चढ आला. ट्रक कण्हत होते, आणि दोघं त्यांच्यापेक्षा जास्त कण्हत होते. "उतरायचं का?" मानसीनं विचारलं. दशरथला बोलायला श्वास नव्हता. त्यानं नुसत्या दोन घंट्या दिल्या. पुढच्या वळणावर परत दोन. पोरगी दात-ओठ खात पॅडल मारत राहिली आणि माथा आला तो एकदम. पायांखालचं ओझं गळून पडलं. वारा आला. सायकल आपसूक धावू लागली, आणि त्या वाऱ्याबरोबर डावीकडून एक वास आला, गोडसर, उन्हात तापलेला.

या वेळी तो काही बोलला नाही. एकदा फजिती झाली होती.

"बाबा," मानसीच म्हणाली, "इथं शेतं आहेत. छोटी छोटी. पिवळी पडलीत."

"भात," तो म्हणाला. "कापणीला आलाय."

गावी या दिवसांत बांधावरून चालताना पोटऱ्यांना लोंब्या लागतात. जत्रेपर्यंत भात घरात आलेला असतो, अंगणात भाऱ्यांची उडवीवर उडवी. किती वर्षांत पाहिलं नव्हतं त्यानं. डोळे होते तेव्हासुद्धा नव्हतं, कारण सुटी नसायची. आता सुटीच सुटी होती. उतारावरून सायकल वाऱ्यावर सोडलेल्या ओवीसारखी चालली होती, आणि दशरथच्या मनात पहिल्यांदा आलं की आपण हरायला निघालो होतो खरे, पण आता हरावंसं वाटत नाही.

असं वाटलं आणि त्याला भीतीही वाटली. ज्याला काही नको असतं त्याला कसलीच भीती नसते.

*

दहिसरच्या पुढे वारा पडला. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी उसाचा रस प्यायला थांबले तेव्हा ऊन जाडसर झालं होतं, ढवळून ठेवल्यासारखं. रसवाला म्हणाला, "जल्दी निकलो अंकल, पीछे काला हो रहा है." जंगलाकडून पाखरं एकाएकी गप्प झाली. परतीचा पाऊस असाच येतो. निरोप घेऊन गेलेला पाहुणा छत्री विसरली म्हणून परत यावा आणि आल्यावर सारं घर डोक्यावर घ्यावं, तसा.

मालाड ओलांडलं आणि त्यानं गाठलंच. आधी मातीचा भपकारा, मग रस्त्याच्या पलीकडून येणारा खळखळाट, आणि मग एकदम पाठीवर, मानेवर, डोक्यावरच्या हेल्मेटवर ताशे.

"बाबा, चष्म्यावर पाणी! मला काही दिसत नाहीये!"

दशरथलाही आता काही ऐकू येत नव्हतं. सारा रस्ता एकच आवाज झाला होता. डोळे गेले होते, आता कानही गेले. मग त्या गदारोळातून काहीतरी जड, ओलं, फार जवळ आल्याचं त्याच्या पाठीला कळलं. त्यानं अंगठा दाबला. टण! "डावीला! थांब!" मानसीनं हँडल वळवलं, सायकल कडेच्या चिखलात रुतली, आणि ट्रक त्यांच्या कोपराशेजारून गढूळ पाण्याची भिंत उडवत निघून गेला.

दोघं तसेच उभे राहिले. मग एकमेकांना धरून, सायकल ढकलत, दिंडोशीच्या बसथांब्याच्या छपराखाली आले.

दशरथ छपराचा खांब धरून उभा राहिला. घंटी अर्ध्या श्वासानं उशिरा वाजली असती तर? कान चुकतात. सकाळी सुकटीला खाडी म्हणालो. ट्रकला वारा म्हणालो असतो तर? पुढे लेक, मागे बाप. मागे हे आंधळं ओझं नसतं तर ती एकटी भुर्रकन कधीच निसटली असती.

"मी बसनं जातो," तो म्हणाला.

"पाऊस थांबेल बाबा. परतीचा आहे."

"थांबू दे. मी बसनं जातो. तू सायकल घेऊन ये सावकाश. एकटी."

"फेरा?"

"नाही झाला."

छपराच्या कडेवरून पाण्याच्या दोऱ्या लोंबत होत्या. मग ती अगदी हळू म्हणाली, "ठीक आहे. ठरलं तसं. मी परत विषय काढणार नाही." आणि थोड्या वेळानं, "बाबा, तुम्हाला भीती वाटली ना? मला पण वाटली. पण तुम्ही घंटी दिलीत म्हणून मी आत्ता इथे उभी आहे."

त्याच वेळी आभाळ उभं फाटलं. दशरथनं मान झटकन वर केली.

"आत्ता चमकली, ना?"

"तुम्हाला दिसली?"

"नुसता उजेड." पण तो मान वर करूनच उभा राहिला. पुन्हा चमकली. पुन्हा दिसली. दोन वर्षांत खुर्चीवर बसून एवढं मोठं काही त्याला दिसलं नव्हतं.

बस आली ती त्याला कळलीसुद्धा नाही. नवी, विजेवर चालणारी; ना इंजिनची घरघर, ना ब्रेकचा कुईकुई. नुसता चाकांखालच्या पाण्याचा आवाज आणि दाराचा सुस्कारा. "भांडुप बाजूची आहे," मानसी म्हणाली. "चढा. मी हात देते." आतून गार हवा आली, ओल्या माणसांचा वास आला. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला. लोक त्याच्या बाजूनं चढले. आणि त्याच्या नकळत तो थांबला, मान किंचित तिरकी करून, जसा उभ्या हयातीत प्रत्येक थांब्यावर थांबला होता.

तो घंटीची वाट बघत होता.

"आजोबा, येताय ना?" आतून कुणीतरी म्हणालं.

"घंटी नाही हिला?" दशरथनं विचारलं.

"कसली घंटी?"

दोरी नव्हती. दोरीच्या टोकाला खंडू नव्हता. तो आता साताऱ्याकडे नातवंडांत होता. पण ओल्या पायरीवर दशरथला तो अगदी लख्ख आठवला, ज्या वर्षी सारी मुंबई पाण्यात गेली त्या वर्षीचा. रस्ता नव्हताच, नुसतं तपकिरी पाणी. गाडीत बायका, पोरं, एक बाळंतीण. दशरथला काचेतून हातभर पुढचं दिसत नव्हतं. तेव्हा खंडू खाली उतरला, कमरेएवढ्या पाण्यात गाडीच्या पुढे चालू लागला, पायानं खड्डे चाचपत, ओरडत. "ये! ये! उजवीकडे! थांब! ये!" दशरथनं त्या आवाजावर गाडी घाटकोपरपर्यंत आणली होती. रात्री डेपोत कुणीतरी म्हणालं, दशरथनं कमाल केली. आणि दशरथ म्हणाला, मी काय केलं? मी तर आंधळाच होतो.

न बघता गाडी त्यानं आधीही चालवली होती. तेव्हा कुणी त्याला ओझं म्हटलं नव्हतं.

त्यानं पायरीवरचा पाय मागे घेतला.

"जाऊ द्या तुमची," तो आतल्या माणसाला म्हणाला. दार सुस्कारलं. बस निघाली, घंटीवाचून, बिचारी.

"बाबा?"

"चष्मा पूस आधी. काच माझ्या बनियनला पूस, आतून कोरडं आहे. पाऊस ओसरला की निघू. पावसात नाही. पावसात माझे कान चालत नाहीत."

मानसीनं त्याच्या शर्टाखालचं बनियन ओढून चष्मा पुसला. पुसता पुसता तिनं नाकही पुसलं असावं. त्याच्या पोटाला गरम लागलं.

"ए! हे बनियन आहे, रुमाल नाही."

"गप्प बसा हो तुम्ही. कंडक्टर आहात ना? सुटे पैसे काढा," ती म्हणाली, आणि हुंदक्याचं हसू झालं.

*

पवईला पोचले तेव्हा पाऊस संपला होता आणि रस्ता धुवून निघाला होता. तलावावरून गार झुळूक येत होती. गुडघे बोलत होते, पाठ बोलत होती, पण दशरथला आणखीच कुणाचं तरी बोलणं हवं होतं.

"काय दिसतंय सांग की. तुझं पुढचं मला नको, पण आभाळ तर सगळ्यांचं आहे."

"ढग आहेत."

"शाबास! सरकारी हवामान खातं. पुढे?"

"केशरी आहेत. म्हणजे... खाली केशरी. वर जांभळट. तलावात पण तेच पडलंय." ती थोडी अडखळली. "आई असती तर नीट सांगितलं असतं. मला असं नाही येत बाबा."

"येईल. गावापर्यंत खूप रस्ता आहे."

पुढचं चाक जरासं डगमगलं. तिनं ऐकलं होतं. पण दोघांनी नुसतं पॅडल मारलं. चांगली गोष्ट उघड्यावर फार वेळ धरू नये असं कोकणातल्या माणसाला वाटत असतं.

गांधीनगरचा नाका, मग लालबहादूर शास्त्री मार्ग, मग भांडुपची ओळखीची गर्दी, वडापावचं तेल, देवळातली घंटा. देवळाशी दशरथनं सवयीनं दोन्ही हात जोडले, सायकल हलली, मानसी ओरडली, "बाबा, एकच हात!" टेंभीपाड्याचा शेवटचा चढ मात्र दोघांनी उतरून, सायकल मधे घेऊन चढला. वाडीतली पोरं मागे लागली. कुणीतरी ओरडलं, "धुरीकाका इले! धुरीकाका इले!"

प्रेमा दारात उभी होती. तिनं आधी नवऱ्याचे गुडघे बघितले, मग मुलीचं तोंड, आणि मग टॉवेल फेकला. "चिखलात लोळलास की काय दोघांय? आणि चटणीची पिशवी खंय?"

"चटणी खाडीत गेली," दशरथ म्हणाला, आणि बापलेक एकमेकांकडे वळून असे हसले की प्रेमाला वाटलं, ऊन लागलंय दोघांना.

"फेरो पुरो झालो?"

"झाला."

"उलटोच?"

हात चाचपत दशरथनं दाराची चौकट शोधली, मग आपली खुर्ची शोधली, पण तिच्यावर बसला नाही. नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"पीळ पडला होता गो," तो म्हणाला. "पीळ सोडवायचा तर उलटंच फिरवावं लागतं."

प्रेमानं त्याच्याकडे पाहिलं. मग आत गेली, आणि देवाच्या कोनाड्यातून सकाळचा नारळ घेऊन आली. तिनं तो त्याच्या दोन्ही हातांत ठेवला. शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली. कुणी लाटणं हातात घेऊन, कुणी ओले केस पुसत. टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला.

दशरथनं घसा साफ केला. पहिला शब्द गंजलेल्या कडीसारखा निघाला. दुसरा मात्र थेट खालच्या रस्त्यापर्यंत गेला.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खी वाडी म्हणाली.

"आज ह्या लेकरान बापाशीक पाठी बसवून रानाक फेरो घातल्यान, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जत्रेक आमी बापूस-लेक सायकलीन तुझ्या दारात येतलो. वाटेतले खड्डे, ट्रक, टँकर काय आसतीत ते दूर कर रे म्हाराजा!"

मानसीनं तोंडावर हात दाबला. गाऱ्हाण्यात देवापुढे बोललेला शब्द परत घेता येत नाही, हे वाडीतल्या तान्ह्या पोरालाही माहीत होतं. "होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज तिचाच निघाला.

"आणि ही माझी बायको एस्टीन येतली," दशरथ म्हणाला. चेहरा अगदी गंभीर. "तिका खिडकीची जागा गावांदे, आणि तिची सुकट कोणाच्या अंगावर न सांडांदे रे म्हाराजा!"

वाडी खो खो हसली. प्रेमानं पदरानं डोळे टिपत नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली, मगच म्हणाली, सगळ्यांच्या मागून, एकटी,

"होय म्हाराजा."

नारळ पायरीवर फुटला. पाणी दशरथच्या पायांवर उडालं. आणि अंधारात सायकलीभोवती जमलेल्या पोरांपैकी कुणाचा तरी अंगठा मागच्या हँडलवरच्या घंटीवर पडला, आधी एकदा, मग जरा धीर करून पुन्हा एकदा.